ब्रिगेडियरांचा परिचय

ब्रिगेडियर ऑल्डन संक्रांतीच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून आले, तर पद्माकरचा फायदा सरळ होता: हॅनोव्हरच्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद. पाहुण्यांच्या बाबतीत विरोधी गटाची मजल आजवर एका दंतवैद्यापर्यंतच गेली होती.

ऑल्डन ब्रिटिश मरीन्समधून निवृत्त झालेले. बायको जर्मन, म्हणून म्हातारपण इथं, पद्माकरच्या वरच्या मजल्यावर. गेल्या वर्षीच्या पक्षाघाताच्या झटक्यात वाचा गेली होती. त्यामुळे परिचय त्यांनी स्वतःच इंग्रजीत टाइप करून दिला आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून खुणावलं, सगळं वाच.

चौतीस वर्षांची नोकरी, सात देश, दोन पदकं. आणि अगदी शेवटी: 'नॉर्वेतल्या सरावात बोट उलटून कॉर्पोरल पाइक बुडाला. चौकशीत चूक त्याची ठरली. चुकीचा हुकूम माझा होता. मी गप्प बसलो आणि बढती घेतली.'

पद्माकरनं पेन काढलं.

"अहो, ते का खोडताय?" नीलिमानं विचारलं.

"अगं, परिचय आहे, पोलिसातला जबाब नाही. हे वाचून शाल कुठल्या तोंडानं घालू?"

"पण त्यांनीच लिहिलंय ना?"

"मोठ्या माणसांचा विनय असतो तो. आपण सांभाळून घ्यायचं."

कार्यक्रमात पदकांपाशी आवाज चढवून पद्माकरनं कागद मिटला. ऑल्डन धडपडत उठले, कागदाकडे हात करून "मा... मा..." करू लागले. लोकांना वाटलं, गहिवरले. टाळ्या पडल्या. पद्माकरनं शाल घातली.

दुसऱ्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई उभ्या राहिल्या. "एवढंच?" त्यांनी इंग्रजीत विचारलं आणि कोट उचलून त्या निघून गेल्या. ऑल्डननी कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर वेडंवाकडं लिहिलं: पाइकची बहीण. ब्राउनश्वाइगहून बोलावली होती.

दुसऱ्या दिवशी पद्माकर तो कागद घेऊन ब्राउनश्वाइगला त्या बाईंच्या दारात उभा राहिला.

"हे मला त्यांनी पत्रातून कधीच कळवलंय," त्या म्हणाल्या. "मला ते चारचौघांत ऐकायचं होतं. ते समोर बसलेले असताना."

"पुढच्या महिन्यात पुन्हा सभा घेतो, बाई. शब्द देतो."

आठव्या दिवशी ऑल्डन गेले.

अध्यक्षपद पद्माकरला मिळालं. ब्रिगेडियरांची कारकीर्द, त्यांच्या मनाविरुद्ध, निष्कलंक राहिली. आणि ती बोट अजूनही पाइकनंच बुडवलेली आहे.