हेरंबचा राजीनामा

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या हेरंब केतकरने ब्लॉग लिहिण्याचं एक सॉफ्टवेअर बनवून जगाला फुकट देऊन टाकलं होतं. वापरणारे वाढले, तक्रारी वाढल्या. दुरुस्तीला मात्र हेरंब एकटाच. जमेला लोकांचे आभार, खर्ची त्याचे सगळे वीकेंड.

"अन्वीने शाळेत फॅमिलीचं चित्र काढलंय," बायको सुचेता म्हणाली. "त्यात तुझी फक्त पाठ आहे."

हे मात्र लागलं. शनिवारी सकाळी त्याने प्रोजेक्टच्या ब्लॉगवर लिहून टाकलं, "मी आजपासून थांबतोय. कुणीतरी पुढे सांभाळा." बघता बघता पोस्टखाली लाल बदामांचा पाऊस पडला. कोणी रडलं, कोणी त्याला देवमाणूस म्हटलं. "मी सांभाळतो" म्हणणारा एकही निघाला नाही.

तिघं पार्कात जायला निघाले, तेवढ्यात फोनवर एक नवी तक्रार आली: तुमची निरोपाची पोस्ट मोबाइलवर अर्धीच दिसते.

हेरंब दारातच थबकला.

"हेरंब, नाही हं," सुचेता म्हणाली.

"अगं, दोनच मिनिटं. मी सोडलंय हे लोकांना नीट वाचता तरी यायला हवं ना!"

त्याने लॅपटॉप उघडला. सुचेताने अन्वीचं जॅकेट उतरवून पुन्हा खुंटीला अडकवलं.