सिक्स्ताताईची घंटा

सार्जंटाने घंटेचा लोलक दारात आणून टाकला, तेव्हा सिक्स्ताताईला जाऊन जेमतेम तास झाला होता. मी तिचे पाय पुसत होते. तिचे यजमान तोरिबियोभावजी उशाशी बसून होते. ते रडत नव्हते, नुसते तिच्या कपाळावरच्या माशा वारत होते.

"दहा वाजता," सार्जंट म्हणाला. "आनंदाची वाजव. कॅप्टनचा हुकूम. लढाई संपली."

भावजींनी मान वर केली. "कुणाची?"

सार्जंटाला आमची भाषा हुकमापुरती यायची. उलट कुणी प्रश्न विचारला की त्याला कळत नसे. त्याची नजर चटईकडे गेली आणि पटकीचं मढं ओळखून तो दोन पावलं मागे सरला. "हिला आजच पुरा," एवढं बोलून नाकावर रुमाल धरून तो निघून गेला.

सात महिने तो लोलक छावणीच्या स्वयंपाकघराचं दार उघडं राहावं म्हणून दाराला लावलेला होता. हे मला ठाऊक, कारण मी कॅप्टनचे कपडे धुवायची आणि रोज तो लोलक ओलांडूनच आत जात होते. कॅप्टनच्या कॉलरला खळसुद्धा मीच लावायची, तांदळाच्या पेजेची. गाव माणशी मूठभर भातावर दिवस काढत होतं तेव्हा खळीसाठी मला वेगळा तांदूळ मिळत होता. त्यातला अर्धा मी चोरायची आणि त्यावरच माझी सून जगली. गाव मला पाठीमागे काय म्हणतं ते मला माहीत आहे. म्हणो बापडं. तांदूळ उसना मागायला तेच गाव माझ्याच दारात येत होतं.

भावजी म्हणजे आमच्या गावचे घंटावाले. आधी बाप, मग हे. तीस वर्षं मनोऱ्याच्या साठ पायऱ्या दिवसातून चारदा चढले. माणूस अगदी मुखदुर्बळ. सिक्स्ताताई म्हणायची, "लग्नाचं विचारायलासुद्धा यांनी बापाला पाठवलं होतं. यांचं जे काय बोलणं ते वरती, दोरीला धरून." आणि खरंच, वरून ते बोलायचे ते सगळ्या गावाला कळायचं. पुरुष गेला की तीन-तीन टोल, बाई गेली की दोन-दोन. लेकरू गेलं तर धाकट्या घंटेची भरभर, लग्नासारखी आनंदाची, कारण लेकरू सरळ स्वर्गात जातं. आईबापांना ती घंटा किती गोड लागते ते विचारू नका, पण रीत म्हणजे रीत. आणि कुणी अखेरच्या घटका मोजत असलं तर संथ, एकेक, अंतरा-अंतराने. ती ऐकली की हातातलं काम टाकून जो तो त्या जिवासाठी एक प्रार्थना म्हणतो. शेतातला माणूससुद्धा टोपी काढतो.

त्या संथ घंटेनेच घात केला. जानेवारीत म्हातारी मार्सेला पहाटे घरघर लागून पडली. तिची नात धावत भावजींकडे आली आणि भावजी वर चढले. त्याच वेळी गोऱ्यांची एक तुकडी डोंगराकडे निघाली होती. भावजींनी रस्त्याकडे पाहिलंच नाही. मरणाऱ्या माणसाची घंटा वाजवताना रस्त्यावर कोण आहे ते बघायचं असतं, असं त्यांना कुणी कधी शिकवलं नव्हतं. तासाभराने नारळीच्या बागेत, डोंगरातून लढणाऱ्या आमच्या पोरांनी तुकडीवर गोळ्या झाडल्या. दोन शिपाई मेले.

"घंटा वाजवून खबर दिलीस," कॅप्टन म्हणाला. "कुणी सांगितलं वाजवायला?"

"मार्सेलाने."

"कुठे आहे ती?"

"मेली."

कॅप्टनला ही चेष्टा वाटली. विहिरीजवळ भावजींना उताणं पाडलं, तोंडात बांबूची नळी घातली आणि पोट तटतटेपर्यंत पाणी ओतलं. मग एक शिपाई त्या पोटावर उभा राहिला. तीनदा विचारलं आणि तीनदा एकच उत्तर मिळालं. त्यानंतर लोलक उतरवला आणि घंटा बंद केली.

याच गोऱ्यांची जहाजं चार वर्षांपूर्वी मनिलाच्या खाडीत शिरली आणि स्पेनची बुडाली, तेव्हा आमच्या गावात दुपारभर घंटा वाजली होती. भावजींच्याच हातांनी वाजवली होती. तळहाताला फोड आले तरी भावजी खाली उतरेनात. आम्हाला सोडवायला आले म्हणे. एका धन्याच्या दावणीतून सोडवून दुसऱ्याच्या दावणीला बांधायचं असलं तरी आधी सोडवावंच लागतं, एवढी अक्कल आम्हाला कुठून असणार!

घंटा बंद झाली त्याच महिन्यात आजूबाजूच्या वाड्या रिकाम्या करून सगळ्यांना आमच्या गावात कोंबलं. गावाभोवती रेघ मारली. रेघेपलीकडे दिसेल त्याला गोळी. पलीकडचा भात जाळला, जनावरं मारली. आधी गोवर आला, मग ताप, मग पटकी. माणसं जायला लागली आणि घंटा नाही. शेजारच्या गल्लीत कोण मेलं ते दोन दिवसांनी कळायचं. भावजी रोज संध्याकाळी मनोऱ्याखाली जाऊन नुसते उभे राहायचे आणि परत यायचे.

तेव्हा सिक्स्ताताईने नावं पाठ करायला घेतली. तिला अक्षर येत नव्हतं. दिवेलागणीला दारात बसून, जपमाळ हातात घेऊन ती पहिल्यापासून मोठ्याने म्हणायची, ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने. ऐकून ऐकून गावालाही तो क्रम पाठ झाला. "कधीतरी यांना दोरी मिळेल," ती मला म्हणाली. "तेव्हा कुणी राहायला नको. ज्याच्यासाठी गावाने एक प्रार्थनासुद्धा म्हटली नाही, तो जीव कुठे जाईल गं, ब्राउलिया?" भावजी बाजूला बसून ऐकायचे. त्या नावांत माझा मुलगा फाउस्तोही होता, चाळिसावा. वाटाड्या म्हणून गोऱ्यांनी त्याला डोंगरात नेलं होतं. आठ दिवसांनी खेचरावर आडवा घालून परत आणला.

आणि त्या दिवशी पहाटे, पाणी पाणी करताना मध्येच ताई शुद्धीवर आली. "मी त्रेचाळिसावी," म्हणाली. "माझी राहू देऊ नका. पण रांग मोडू नका." मग पुन्हा पाणी मागितलं.

सार्जंट गेल्यावर भावजींनी लोलक मांडीवर घेतला आणि कडीला खोबरेल चोळू लागले. मी म्हटलं, "भावजी, आधी ताईची वाजवा. दोन टोलांचं तर काम. मग काय ती त्यांची आनंदाची बडवा."

"रांग मोडायची नाही म्हणाली ती."

"मेल्यांची कसली आलीय रांग? तिथे काय तांदूळ वाटतायत?"

"सात महिने दुसऱ्यांची नावं घोकली तिने. आता तिलाच पुढे घुसवू?" ते इतकं कधी बोलत नसत. "भरभर वाजवीन. होतील सगळी."

"आणि कॅप्टनला कळलं तर?"

"त्याला काय कळतंय! पहिली आठ लेकरंच आहेत."

मैदानावर मंडप घातला होता, झेंडा चढवला होता. शिपायांनी दारोदार जाऊन लोकांना बाहेर काढलं होतं. कॅप्टन व्हिटकॉम पांढऱ्या पोशाखात उभा होता. कॉलर माझ्याच हातची, कडक. जिल्ह्याहून आलेल्या साहेबांना पाणी द्यायला मला मंडपात उभं केलं होतं. कॅप्टनच्या हातात कागद होता. त्यांच्या अध्यक्षांनी तिकडे, समुद्रापलीकडे, लढाई संपल्याचं जाहीर केलं होतं, ते तो वाचून दाखवणार होता.

दहा वाजले आणि धाकटी घंटा भरभर सुटली. कॅप्टन खूश झाला. पाहुण्यांकडे वळून त्याने हसत हसत टाळ्या वाजवल्या. खाली मैदानात कोंचिंगच्या हातातली टोपली गळून पडली. तिचं पोर सगळ्यात आधी गेलं होतं. घंटा थांबली, एका प्रार्थनेपुरती, आणि पुन्हा आनंदाची सुरू झाली. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी अख्ख्या मैदानाला कळलं. एकेक टोपी उतरली. साहेब लोकांना वाटलं, झेंड्याला मान दिला. आठ वेळा त्या माणसांनी आमच्या मेलेल्या लेकरांना टाळ्या दिल्या. देवा, तू हे बघितलंस ना?

मग थोरली सुरू झाली. तीन-तीन. दोन-दोन. तीन-तीन. "गंभीर आहे, पण छान आहे," कॅप्टन पाहुण्यांना म्हणाला; त्यांची एवढी भाषा मला सात महिन्यांत कळायला लागली होती. लोक ओठ हलवत आपलं माणूस येण्याची वाट पाहत होते. आलं की गुडघे टेकायचे, प्रार्थना म्हणायचे, उठायचे आणि घरी चालू लागायचे. आपलं झाल्यावर तिथे थांबायचं कशाला? तिसापर्यंत निम्मं मैदान रिकामं झालं. सार्जंटाने दोघातिघांना अडवलं, पण ते त्याला वळसा घालून गेले.

मी मोजत होते. अडतीस. एकोणचाळीस. आणि मग माझ्या फाउस्तोची वाजली. तीन-तीन. तीन-तीन. हातात पाण्याचा तांब्या घेऊन मी गोऱ्यांच्या मंडपात उभी होते आणि माझा मुलगा आत्ता कुठे मेला असं मला वाटलं.

"ब्राउलिया," कॅप्टन म्हणाला. "लोक कुठे चालले? काय वाजवतोय तो?"

खोटं जिभेवर तयार होतं. 'मोठ्या सणाला असंच वाजवतात, साहेब.' एवढंच म्हणायचं होतं. असल्या खोट्यावरच तर मी इतके दिवस जगले होते. एक्केचाळिसावी वाजत होती. दोन माणसं राहिली होती, फक्त दोन. आणि मी, जिने सात महिने मान खाली घालून त्यांच्या चड्ड्या धुतल्या, तिला नेमकं तेव्हाच शहाणपण सुचलं, की मस्ती आली, काय म्हणाल ते म्हणा.

"मेलेल्यांची," मी म्हटलं. "तुमच्या सात महिन्यांत मेलेल्यांची, साहेब. मघाशी टाळ्या वाजवल्या ती लेकरं होती."

कॅप्टन ओरडला नाही. त्याचा चेहरा कॉलरच्या वर लाल लाल होत गेला. पाहुण्यांकडे न बघता त्याने सार्जंटाला बोट दाखवलं, मग मनोऱ्याकडे. सार्जंट आणि दोन शिपाई पळत गेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते.

साठ पायऱ्या. मी तांब्या खाली टाकला आणि मनात त्यांच्याबरोबर चढले. बेचाळिसावी वाजली, लोहार बेन्हामिनच्या आईची, दोन-दोन. मग एका प्रार्थनेपुरती शांतता. भावजी, थांबू नका, मी मनात ओरडले. प्रार्थना राहू द्या, वाजवा आधी. पण त्या माणसाने तीस वर्षांत ती प्रार्थना कधी गाळली नव्हती. बायकोसाठीही गाळली नाही.

मग एक टोल पडला.

दुसरा पडला नाही. पुरुषाला तीन, बाईला दोन. एका टोलाचं मेलेलं आमच्याकडे कुणीच नसतं.

दुपारी ताईला चटईत गुंडाळून नेलं. पटकीचं मढं म्हणून खांद्याला फार कुणी पुढे आलं नाही. भावजी, बेन्हामिन, मी आणि माझी सून. भावजींचा ओठ फाटला होता, डावा हात वर होत नव्हता. पाद्र्याला गोऱ्यांनी तुरुंगात टाकलं होतं, म्हणून जे काही म्हणायचं ते आम्हीच म्हटलं. बेन्हामिन आणि सून पुढे निघून गेल्यावर भावजी खड्ड्याकडे बघत म्हणाले,

"एवढ्यात कळलं कसं त्याला?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या दिवशी खोटं जिभेवर येतच नव्हतं.

"मी सांगितलं, भावजी."

मला वाटलं शिव्या देतील, थुंकतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"फाउस्तोची ऐकलीस ना?" त्यांनी विचारलं.

"ऐकली."

"नीट वाजली?"

"नीट वाजली, भावजी."

त्यांनी मान हलवली. मग धड हाताने, मढ्यावर टाकायच्या चुन्याच्या पोत्याचं एक टोक धरलं, आणि मी दुसरं धरलं.