काही गोड खाल्लंस का?

स्कॅनच्या खोलीत अठरा वर्षं काढलेला माणूस तो. "घाबरू नका, वीस मिनिटांचं काम," हे वाक्य हजारोंना ऐकवून त्याची जीभ सरावली होती. त्या दिवशी मात्र मशीनच्या फळीवर त्याची थोरली बहीण पडली होती, आणि ते वाक्य गाळून त्याने नुसत्या सूचना दिल्या.

चार महिने ताईचा कोरडा खोकला हटत नव्हता. त्यात मागच्या आठवड्यात वर्गात शिकवता शिकवता ती फळ्यासमोरच कोसळली.

"हलायचं नाही, बोलायचं नाही," तो म्हणाला.

"माझ्या नवऱ्याला हे मशीन फार आवडेल," ताई म्हणाली.

काचेपलीकडे बसून त्याने स्कॅन सुरू केला. पडद्यावर पोट उमटलं. प्लीहेत ठिपके. मग छाती. दोन्ही फुप्फुसांजवळच्या गाठी पेटलेल्या. हृदयाची जागा अंधारी दिसायला हवी होती. तिथे निखारे होते.

एकच आशा उरली. इंजेक्शनमधून दिलेली किरणोत्सर्गी साखर रोगट जागा शोषून घेतात आणि उजळतात; निरोगी हृदयाने ती घेऊ नये म्हणून आदल्या दिवसापासून गोड बंद असतं. पथ्य मोडलं तर निरोगी हृदयही तसंच उजळतं. आणि ताई तर चोरून खाण्यात पटाईत.

स्कॅन संपताच तो आत धावला. "ताई, खरं सांग. काल काही गोड खाल्लंस का?"

"नाही रे."

"एखादं बिस्किट? चहात साखर? मी रागावणार नाही."

"शप्पथ, काही नाही. लहानपणी खाल्लं म्हणून आईकडे चहाड्या करायचास, आणि आज..." तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर गेली आणि ती थांबली. "काय दिसलं?"

"ते मला सांगता येत नाही. नियम आहे."

"मग गोडाचं एवढं का विचारतोयस?"

स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी हृदयाचं चित्र मोठं करून पाहिलं. "पथ्य मोडलेलं नाही. नाहीतर सगळं हृदय एकसारखं उजळलं असतं. हे तुकड्यातुकड्यांत आहे. कॅन्सर असेलच असं नाही, गाठीचा तुकडा तपासू. पण आज त्यांना घरी सोडू नका, हृदयाचे ठोके कधीही अडखळतील."

ते शब्द खरे ठरले. तिसऱ्या दिवशी दुपारी तो ताईच्या उशाशी बसला होता. बोलता बोलता तिचे डोळे फिरले आणि यंत्रावरचा नाडीचा आकडा अठ्ठावीसवर आला. परिचारिका धावल्या. त्याला कुणीतरी दंडाला धरून बाहेर काढलं. संध्याकाळपर्यंत ताईच्या छातीत पेसमेकर बसला होता.

तपासणीत सारकॉइडोसिस निघाला. शरीराची राखण करणारी फौजच शरीरावर उलटली होती, एकाच वेळी फुप्फुसांवर, प्लीहेवर, हृदयावर.

चार महिने स्टिरॉइड चालली. ताईचा चेहरा सुजून गोल झाला. दुसरा स्कॅनही त्यानेच केला. गाठी विझल्या होत्या, प्लीहा स्वच्छ. हृदयात डावीकडे एक ठिपका अजून धुमसत होता.

"गेलं?" तिने विचारलं.

या वेळी त्याने नियम मोडला. "एक उरलाय, ताई."

ती स्वेटर घालू लागली. बाही काही सापडेना. त्याने धरून दिली.