बायकोची नक्कल

प्रेमराज पाटलाचं देवपुरात कापडाचं दुकान होतं, पण नात्यागोत्यात त्याला ओळखायचे ते त्याच्या नकलांसाठी. बसचा कंडक्टर, लग्नातला रुसलेला जावई, कोणालाही तो सोडायचा नाही. लोक मात्र वाट बघायचे ती शेवटच्या नकलेची. हळदीच्या मांडवात नात्यातले झुलालआबा ओरडायचे, "प्रेमराजभाऊ, आते वहिनीनी चाल दखाडा!" आता वहिनीची चाल दाखवा म्हटलं की हा गडी उपरणं पदरासारखं खांद्यावर घेऊन उठलाच.

वहिनी म्हणजे त्याचीच बायको, रत्ना. तिचा डावा पाय गुडघ्यातून बाहेर वाकलेला. तो पाय ती कसा टाकते, कशी झुकते, हे प्रेमराज असं हुबेहूब करायचा की मांडव हसून लोटपोट व्हायचा. रत्नाही पदर तोंडाला लावून हसायची. बायकोच हसतेय म्हटल्यावर ह्याला रान मोकळंच.

गुडघा सुजायला लागला तेव्हा तो तिला जळगावच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी कमरेपासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे उजेडावर लावला.

"गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये गादी असते," डॉक्टर म्हणाले. "यांची आतल्या बाजूची गादी झिजून गेलीय. तिथे नवी बसवता येते. पण पाय असाच वाकडा राहिला तर सगळा भार पुन्हा तिथेच येणार आणि नवीही चिरडणार. म्हणून गुडघ्याखालचं हाड कापून आधी पाय सरळ करायचा आणि त्याच वेळी गादी बसवायची. आत्ता केलं तर स्वतःचा गुडघा टिकेल, उशीर झाला तर सांधाच बदलावा लागेल. पण ऑपरेशन मोठं आहे, त्रास तेवढा असेल तरच करायचं. किती दुखतं, ताई?"

"फार नाही," रत्ना म्हणाली. "कधीमधी."

"जरा चालून दाखवा."

रत्ना चालली. दात आवळून, पाठ ताठ करून, शाळेच्या कवायतीत चालावं तशी सरळ चालली. कोणी बघत असलं की ती अशीच चालायची. ही सवय तिला कोणी लावली होती, ते प्रेमराजला त्या क्षणी कळलं.

"मग घाई नको. गोळ्या आणि व्यायाम करून बघू," म्हणत डॉक्टरांनी पेन उचललं.

प्रेमराज घाईने म्हणाला, "डॉक्टर, ही अशी नाही चालत."

"मग कशी चालतात?"

सांगायला त्याच्याकडे शब्दच नव्हते. नक्कल तेवढी होती. खाली मान घालून तो उठला आणि भर दवाखान्यात बायकोसारखा चालला.

डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची पुढे ओढून बघू लागले. "थांबा. पाय पूर्ण टेकायच्या आत उचलतात? परत करा. आणि उठताना हा हात मांडीवर का?"

"हात रेटल्याशिवाय उठता येत नाही तिला."

"कधीपासून?"

प्रेमराजला बरोबर आठवलं. मांडीवरचा हात त्याने चोपड्याला, नात्यातल्या ललितच्या लग्नात पहिल्यांदा दाखवला होता आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या होत्या. पायरी आडव्या अंगाने उतरणं त्यानंतर आलं, मेघाच्या हळदीत. दर लग्नात नकलेत नवीन काहीतरी असायचं आणि आपली कला मुरत चाललीय असं त्याला वाटायचं. मुरत होतं ते तिचं दुखणं, आणि त्यातलं एकेक त्याने नीट बघून लोकांसमोर मांडलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस माणसांसमोर नकला केलेल्या या माणसाला एका डॉक्टरसमोर तोंड लपवावंसं वाटलं.

रत्नाने सवयीने पदर तोंडाशी नेला होता. कोणीच हसत नाही हे बघून तिने तो खाली सोडला.

"एवढं सोसत होतात, ताई?" डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन करू."

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवसांनी नर्सने वॉकर देऊन तिला उभं केलं. डावा पाय नुसता टेकवायचा, भार द्यायचा नाही. प्रेमराज तिच्या काखेत हात घालून शेजारी चालत होता. तो पाय सरळ दिसत होता आणि त्याच्याकडे बघायची प्रेमराजला छाती होत नव्हती.

"नीट बघून घ्या," रत्ना म्हणाली. "पुढच्या लग्नात नवी चाल लागेल तुम्हाला."

"नको गं, रत्ना." प्रेमराज म्हणाला. "एवढं दुखत होतं, तर तू हसायचीस कशाला?"

रत्नाने वॉकर पुढे सरकवला आणि दम खाल्ला.

"मी हसले नसते," ती म्हणाली, "तर भर मांडवात तुमची शोभा झाली असती."