कललेला चार

धाकटीला अडुसष्टावं वर्ष लागलं होतं, तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. तिला धाकटी ठरवणारा थोरला भाऊ सहा वर्षांपूर्वी देवाघरी गेला होता. आता घरात ती आणि भावाची बायको, दोघीच. वहिनीचे गुडघे गेलेले, धाकटीची बोटं गेलेली. दोघींत मिळून एक धडकं माणूस होतं, असं वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

घरामागच्या लांबट खोलीला सगळे ‘कारखाना’ म्हणत. कारखाना म्हणजे एक चूल, दोन पातेली, एक पळी आणि छताला ठोकलेला आकडा. त्या आकड्याला आज एक मेणबत्ती टांगलेली होती. धाकटीच्या छातीला लागेल एवढी उंच, मनगटापेक्षा जाड, मधमाशांच्या मेणाची, पिवळी. पास्काची मेणबत्ती. चर्चमध्ये वर्षातून एकच लागते. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी ती पेटवतात आणि मग वर्षभर प्रत्येक बारशाला आणि प्रत्येक शवपेटीच्या उशाशी तीच उभी असते.

मेणबत्ती तयार होती. राहिलं होतं ते तांबडं काम. तांबड्या मेणाचा क्रूस, वर ग्रीक लिपीतलं पहिलं अक्षर, खाली शेवटचं, आणि क्रुसाच्या चार कोपऱ्यांत सालाचे चार आकडे. तीन आकडे धाकटीने सकाळीच बसवले होते. चौथा कोपरा रिकामा होता. तिथे यायचा होता चार. आणि चार म्हटलं की धाकटीचं मन तीस वर्षं मागे जाई.

“वन्सं, झालं का?” वहिनीने दारातूनच विचारलं. “पवित्र आठवडा तोंडावर आलाय. फादर विचारत होते.”

“फादरांना काय, मागे लागायला कुणीतरी हवंच असतं.”

“तसं नाही हो. म्हणत होते, शेवटची आहे, नीट जपून आणा.”

शेवटची होती हे खरं. पुढच्या वर्षापासून चर्चच्या समितीने आतून तेलावर जळणारी मेणबत्ती आणायचं ठरवलं होतं. ती म्हणे झिजतच नाही. न झिजणाऱ्या मेणबत्तीचा उपयोग काय, असं धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिने गिळून टाकलं. तिच्या बोटांत आता पळी धरवत नव्हती, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

वहिनी गेल्यावर तिने खिडकीतला बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. आईचा डबा. आत कापूस, कापसात कागदाची एक पुडी. पुडीवर आईच्या बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘चार. पुढच्या ईस्टरला.’

ते पुढचं ईस्टर तीस वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं.

तेव्हा कारखान्यात घड्याळ नव्हतं. बाबा टांगलेल्या वातीवर पळीने मेण ओतायचे, वात फिरवायचे आणि मग थांबायचं. किती थांबायचं? तर रोझरीचं, म्हणजे जपमाळेचं, एक दशक. दहा ‘नमो मरिया’ झाले की थर निवला, पुढचा थर ओता. अशी एका मेणबत्तीत किती रोझऱ्या जिरायच्या, देवालाच ठाऊक. लहानपणी धाकटीला खेळायला जायची घाई असायची. ती दहाऐवजी सातच म्हणायची, तेही शब्द खाऊन. मग थर ओघळायचा, मेणाला पोट सुटायचं. बाबा मेणबत्तीवरून तळवा फिरवायचे आणि म्हणायचे, “इथे कुणीतरी तीन मरिया पळवल्यात.” अंदाज कधी चुकला नाही. धाकटीला कित्येक वर्षं वाटे की बाबांना हे देवदूत येऊन सांगतात.

ओतायचं काम बाबांचं, तांबडं काम आईचं. बाबांच्या हाताला ओझं पेलायचं, बारकावा नाही. त्यात वात कापताना सुरी लागून त्यांच्या उजव्या अंगठ्यावर आडवा खोल व्रण पडलेला. त्या अंगठ्याने तांबडं मेण धरलं की त्यावर वळ उठायचा, आणि आई ओरडायची, “हात लावू नका हो माझ्या कामाला!” ती पातळ सुरीने आकडे कापायची, प्रत्येकी दोन. एक लावायला, एक मोडला तर. तिचे बाकीचे आकडे ताठ असत. फक्त चार मात्र कलायचा. दर दहा वर्षांनी चाराची पाळी आली की बाबा चिडवायचे, “आला तुझा लंगडा.” आई म्हणायची, “लंगडा तर लंगडा. वर्षभर उभा राहतो की नाही?”

आईच्या शेवटच्या वर्षी सप्टेंबरात आई, बाबा आणि धाकटी, तिघंही डोंगरावरच्या मातेच्या यात्रेला गेली. दरवर्षी पायी जात. त्या वर्षी आई प्रत्येक वळणावर बसली. बाबा छत्री धरून शेजारी उभे, आणि वर जाणारे लोक गाणी म्हणत पुढे निघून जात होते. वर पोचल्यावर आईने मातेपुढे मेणबत्ती लावली आणि खूप वेळ नुसती बघत राहिली. धाकटीने विचारलं, “काय मागितलंस?” आई म्हणाली, “मागायचं काय? कामं उरकून घेऊ दे म्हटलं.” घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती तांबडं मेण घेऊन बसली होती, हे धाकटीला आठवतं. एवढ्या लवकर कशाला, असंही तिच्या मनात आलं होतं. विचारलं मात्र नाही. ते न विचारल्याची चुटपुट तिला अजून लागून आहे.

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, चर्चमध्ये गुलाबी मेणबत्ती लागते त्या दिवशी, आई गेली. तिच्या उशाशी उभ्या असलेल्या पास्काच्या मेणबत्तीवर तिच्याच हातचा तीन होता.

नाताळ आला तसा गेला. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार आला. बाबांनी कपाळावरची राख पुसली नाही आणि कारखान्याला आतून कडी लावली. धाकटी दाराबाहेर बसून ऐकायची. आतून ‘नमो मरिया’ ऐकू यायचे, दहा, मग पळीचा आवाज, मग पुन्हा दहा. तांबड्या कामाच्या दिवशी मात्र काहीच ऐकू आलं नाही. मदत करू का म्हणून तिने दोनदा दार वाजवलं. “नको,” एवढंच उत्तर आलं. बाबांनी मेणबत्ती चादरीत गुंडाळून चर्चला पोचवली, तीही कुणाला न दाखवता.

पवित्र शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीनंतर चर्चच्या अंगणात शेकोटी पेटली. सगळे हातात न पेटवलेल्या बारीक मेणबत्त्या घेऊन उभे. म्हातारे फादर पास्काच्या मेणबत्तीपुढे आले आणि धातूच्या टोचणीने क्रूस गिरवू लागले. मग अक्षरं. मग आकडे, एकेका शब्दासरशी एकेक. सगळा काळ ख्रिस्ताचा आहे, अशा अर्थाची ती प्रार्थना. धाकटी बाबांच्या शेजारी होती. जाळ उसळला आणि तिला चौथा कोपरा दिसला. तिथे तीन होता. गेल्या वर्षाचा तीन!

फादरांची टोचणी त्या आकड्यावर थांबली. फादरांनी मान वर केली, बाबांकडे पाहिलं. बाबा जाळाकडे बघत होते. मग फादरांनी तो तीन सावकाश, शेवटच्या वळणापर्यंत गिरवला, प्रार्थना पुरी केली आणि वात पेटवली.

पण चर्चमध्ये पहिल्या बाकावर मास्तर बसायचे. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी ते दिसेल त्या कागदावर लाल खूण करत. दुसऱ्या दिवशी ईस्टरची मिस्सा, म्हणजे उपासना, संपल्यावर लोक एकमेकांना शुभेच्छा देत होते, तेवढ्यात त्यांनी फादरांना गाठलं.

“फादर, साल चुकलंय. वर्षभर बारशाच्या फोटोत हेच दिसणार. आणि काम तरी धड आहे का? आकड्याखाली खरवडल्यासारखं दिसतंय. म्हाताऱ्याला आता झेपत नाही. दुसरीकडून आणवा.”

बाबा चार पावलांवर उभे होते. त्यांना ऐकू जावं असंच मास्तर बोलत होते. धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला.

फादर म्हणाले, “मास्तर, काल आपण काय म्हटलं? सगळा काळ त्याचा.”

“म्हटलं की.”

“मग गेलं वर्ष कुणाचं?”

मेणबत्ती वर्षभर तीच राहिली. गावात मात्र हसं व्हायचं ते झालंच. पोरं बाबांना बघून विचारायची, “आजोबा, आज तारीख काय?” बाबाही हसायचे.

धाकटीला ते हसणं बघवत नसे. त्याच ईस्टरच्या रात्री जेवताना तिने विचारलं होतं, “बाबा, तीन का लावलात?”

“तिच्या हातचा तेवढाच शिल्लक होता,” बाबा म्हणाले आणि ताटात बघत राहिले.

धाकटीने ते खरं मानलं. दहा वर्षांनी पुन्हा चार आला तेव्हा बाबांनी स्वतःच कापला, ताठ आणि ओबडधोबड. त्यानंतर पाच वर्षांनी बाबा गेले. त्यांच्या कपाटात, लग्नाच्या कोटाखाली, हा डबा निघाला. पुडी उघडली तर कापसात चार. कललेला. आईचा!

तेव्हा धाकटीला रडू आलं नव्हतं, राग आला होता. म्हणजे चार होता. आईने आजारपणात बसून कापून ठेवलेला, दुसरा कापायची ताकद नसेल म्हणून एकच, वर चिठ्ठीसुद्धा लिहिलेली, आणि बाबांनी तो कपाटात दडवला. आईचं एवढं एक मागणं, तेही त्यांनी पुरं केलं नाही. वर आपल्याशी खोटं बोलले. तिने पुडी तशीच मिटली. बाबांच्या मागे तिच्या हातात कारखाना आल्यावर पुन्हा एकदा चाराची पाळी आली. तेव्हाही तिने नवा कापला. बाबांनी जे केलं तेच आपण करतोय, हे तिला कळत होतं. पण आईचा चार एकदा मेणबत्तीवर चढला की वर्षभरात ज्योत त्याच्यापर्यंत उतरणार, तो वितळणार, आणि मग आईच्या हातचं काहीसुद्धा उरणार नाही. हे तिला सहन होत नव्हतं.

आता तिसरी पाळी. याच्यापुढे पाळी नव्हती. आता लावला नाही, तर आपल्या मागे वहिनी किंवा आणखी कुणी डबा उघडेल, म्हणेल हा कसला तांबडा तुकडा, आणि केरात टाकेल.

धाकटीने पुडी उघडली. चार मधल्या तीन बोटांवर घेतला. इतक्या वर्षांत तिने त्याला हात लावला नव्हता, नुसता बघून झाकला होता. मेण काळपट पडलं होतं, पण कड अजून रेखीव होती. मागची बाजू गरम करायची म्हणून तिने तो उलटा केला आणि थबकली.

मागे पिवळं मेण चिकटलेलं होतं. मेणबत्तीचं मेण. पातळ पापुद्रा, एका बाजूला सुरीने ओढल्यासारखा. आणि त्या पापुद्र्यात रुतलेला एक अंगठा. मोठा, रुंद, मधोमध आडवा व्रण.

ती स्टुलावर बसली. मास्तरांचं बोलणं तिला तीस वर्षांनी ऐकू आलं. आकड्याखाली खरवडलंय. बाबांनी चार लावला होता. आईने सांगितल्याप्रमाणे, तिच्या जागी, दाबून बसवला होता. आणि मग त्यांना तो तिथे ठेवून येववेना. त्यांनी तो सुरीने सोडवला, ऊन ऊन असतानाच अंगठ्यावर घेतला आणि त्या जागी उरलेला तीन चिकटवला. जगाने खुशाल हसावं.

“बाबा,” धाकटी मोठ्याने म्हणाली, “सांगायचं होतं ना मला. मी दारातच होते.”

आणि मग ती रडली. पंधरा वर्षं त्या माणसावर धरलेला राग एका बसणीत धुऊन निघाला. वहिनी कधी येऊन दारात उभी राहिली, तिला कळलं नाही. वहिनीने आयुष्यात पहिल्यांदा काही विचारलं नाही. गुडघे धरत आली आणि तिच्या शेजारी फळकुटावर बसली.

आता पेच आणखीच वाढला होता. आकडा चिकटवायचा तर मागची बाजू ज्योतीवर धरावी लागते. तशी धरली की अंगठा पुसला जाणार. आतापर्यंत एका आईचंच जायचं होतं, आता दोघांचंही.

“राहू द्या मग,” सगळं ऐकून वहिनी म्हणाली. “दुसरा कापा. कोण विचारतंय?”

धाकटीने पुडीचा कागद पुन्हा वाचला. पुढच्या ईस्टरला. आईने डोंगर चढून कामं उरकायला वेळ मागितला होता, आणि हे काम मात्र तीस वर्षं डब्यात पडून होतं.

“नाही,” ती म्हणाली. “दोघांचं अर्धं राहिलंय ते. माझ्यावर टाकून गेलेत.”

तिने दिवा पेटवला. चार उलटा धरला. आधी व्रणाची रेघ मऊ झाली, मग कडा, आणि मग पिवळं मेण नुसतं चमकलं. तिने तो चौथ्या कोपऱ्यात टेकवला आणि स्वतःच्या वाकड्या अंगठ्याने दाबून धरला. आई एक ‘नमो मरिया’ होईपर्यंत धरायची. तिने अख्खं दशक म्हटलं, दहाच्या दहा, एकही शब्द न खाता. वहिनी प्रत्येकाचा उत्तरार्ध म्हणत राहिली.

शनिवारी अंगणात शेकोटी पेटली. नव्या फादरांनी टोचणीने क्रूस गिरवला, अक्षरं गिरवली, आकडे गिरवले. शेवटच्या आकड्यावर त्यांचा हात जरासा तिरका झाला आणि पुढे गेला. वात पेटली. लोक आपापल्या मेणबत्त्या पुढे करू लागले.

वहिनीने धाकटीच्या कानाशी तोंड नेलं. “वन्सं, सगळं छान झालंय. पण चार कललाय हो.”

“तो कलतोच,” धाकटी म्हणाली, आणि तिने आपली मेणबत्ती पुढे केली.