अकरा बटणं

“बाई, हा तिसऱ्या रांगेतला गडी कोण हो?”

तपासनिसाने कागदांची चळत टेबलावर ठेवली आणि खिशातून भिंग काढलं. स्टुडिओत त्याला तोंडावर साहेब आणि पाठीमागे भिंग म्हणत. बावीस वर्षांत तो बाईंच्या टेबलापर्यंत दोनतीनदाच आला असेल. बाईंचं काम परत यायचं नाही.

“कोण म्हणजे? खलाशी आहे. सलाम करतोय.”

“सलाम सगळेच ठोकतायत. याच्या गळ्याशी बघा. पहिल्या चित्रात बटण लावलेलं, शेवटच्यात लावलेलं. मधे उघडं. अकराच्या अकरा कागदांत.”

बाईंनी भिंग न घेताच बघितलं. वरचं बटण उघडं होतं. कॉलरचं डावं टोक जरा बाहेर वळलं होतं आणि गळ्याचं हाड दिसत होतं. रेघ त्यांचीच होती, त्यात शंका नव्हती.

“पडद्यावर सेकंदभर उघडेल आणि परत मिटेल,” तपासनीस म्हणाला. “लोकांना वाटेल, अंतराळात वारा सुटला.”

शेजारच्या टेबलावरची रंगवाली फिस्सकन हसली. बाई हसल्या नाहीत. हे आपण कधी काढलं, ते त्या आठवून बघत होत्या. आठवत नव्हतं.

“चारपर्यंत देते.”

“चार म्हणजे चार. भाग उद्या छपाईला... छे, काय बोलतोय मी. कॅमेऱ्याला जातोय,” असं म्हणून तो गेला. छापखान्यातून आल्याला त्याला पंचवीस वर्षं झाली होती, तरी जीभ तिकडेच घसरायची.

मालिका अंतराळातली होती. युद्धात होरपळलेल्या एका ग्रहासाठी पाणी आणायला निघालेलं जहाज, सव्वीस भागांचा प्रवास, वाटेत शत्रू. मोठे चित्रकार प्रत्येक हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र काढून देत: हात खाली, हात कपाळाशी. मधली चित्रं बाईंची. खालून दिवा लावलेल्या काचेवर ती दोन्ही ठेवायची, वर कोरा कागद घ्यायचा आणि एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत जायचं. कुठल्याही हालचालीची सुरुवात त्यांनी कधी काढली नव्हती, शेवटही नाही. बाहेरही युद्ध तिसऱ्या वर्षात होतं. त्यामुळे हल्ली कागद पातळ येत आणि स्टुडिओच्या खिडक्यांच्या काचा काळ्या रंगवल्या होत्या.

एक वाजता सून आली. फाटकाजवळच्या बाकावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पिशवीत काय आहे ते बाईंना माहीत होतं. त्यांनी शेजारी बसून पावाचा डबा उघडला.

“आई, आज शेवटची तारीख. साडेपाचला कचेरीतली खिडकी बंद करतात.”

“माहीत आहे.”

“माझी सही झालीय. आता तुमची तेवढी.”

चौदा महिन्यांपूर्वी पहिला कागद आला, त्यात लढाईवर गेलेला बाईंचा मुलगा बेपत्ता होता. या कागदात, त्याला मृत गृहीत धरण्यास आमची हरकत नाही, असं छापलं होतं आणि खाली दोन रेघा होत्या, एक बायकोसाठी, एक आईसाठी.

“नाही केली तर?”

“तर अजून तीन वर्षं बेपत्ता. मग परत पहिल्यापासून अर्ज.” सुनेने पिशवीच्या तोंडाची घडी घातली आणि पुन्हा उघडली. “आई, तुमच्यापासून काय लपवू? मला दुसऱ्या गावी नोकरी मिळतेय. खोलीही देतात. पुढे कधी कोणी भेटलं तर... आज कोणी नाही, तुमची शपथ. पण तिथे पहिल्याच दिवशी विचारतील, नवरा काय करतो? तीन वर्षं काय सांगत बसू मी?”

“तो येणार नाही, असं वाटतं तुला?”

“मला आता काहीच वाटत नाही. तुम्हाला वाटतं?”

बाईंनी पावाचा घास चावून गिळला. काय वाटतं ते त्यांनी शोधून बघितलं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो, त्यानंतरच्या गालासारखं आत सगळं होतं. हात लागत होता, पण गाल दुसऱ्याचा होता.

“माझे हात बघ. शिसं लागलंय. कागद खराब होईल.”

“कागद येऊन तीन आठवडे झाले, आई. तुमचे हात रोजच काळे असतात.”

सून हे भांडण्यासाठी बोलली नव्हती. दमून बोलली होती. बाईंनी कागद तिच्याकडून घेतला, कडांना दोन बोटांत धरून.

“पाचला ये.”

टेबलावर परत येऊन त्यांनी पेन्सिलीला टोक केलं, रबर घेतलं आणि पहिला कागद काचेवर ठेवला. उघड्या कॉलरची रेघ पुसायची, टोक आत वळवायचं, बटण लावायचं. एकाला दहा मिनिटं. दुसरा कागद. तिसरा.

“ताई, तुमचा तो एकच खलाशी किती छळतोय,” रंगवाली म्हणाली. “त्यापेक्षा मेलेले बरे. आतापर्यंत नऊ गेले. हलत नाहीत, तुमचं काम वाचतं.” मग तिचा ब्रश हवेतच थांबला. “माझ्या जिभेला काही हाड! ताई, मी आपली...”

“बरोबर बोललीस,” बाई म्हणाल्या. “वाचतं.”

चौथ्या कागदावर त्यांना ते आठवलं.

मुलगा दारात उभा होता. गणवेश कोरा, फिकट राखाडी, घड्यांच्या खुणा अजून तशाच. बाईंनी तेव्हा काम घरी आणलं होतं आणि पहाटेपासून बसून त्यांची दहाही बोटं काळी झाली होती. “वरचं बटण लाव रे,” त्या म्हणाल्या. “गाडीत लावतो. गळा आवळतोय.” त्यांनी हात पुढे केले आणि मधेच थांबवले. त्या कॉलरवर बोटं उमटली असती, आणि पहिल्याच दिवशी त्याला वरच्याने सगळ्यांदेखत झापलं असतं. हात धुवायला आत जावं, तर खाली गाडीचा भोंगा वाजत होता. त्यांनी हात पाठीमागे घेतले. “लावशील ना नक्की?” “हो गं आई, लावतो म्हटलं ना.” तो दोन दोन पायऱ्या टाकत उतरला. जिन्याच्या वळणावर कॉलरचं डावं टोक दिसलं, बाहेर वळलेलं.

बाईंनी चौथ्या कागदावरचं बटण लावलं आणि पाचवा घेतला. मग सहावा. रेघ बारीकच ठेवायची होती. जाड झाली असती तर कागद परत आला असता. अकरावा कागद संपला तेव्हा चारला पाच मिनिटं होती.

तपासनिसाने चळत हातात धरून फरफर उलटली. खलाशाचा हात कपाळाशी गेला. गळा बंदच राहिला. मग त्याने भिंग काढून शेवटचा कागद दिव्यापाशी तिरका धरला आणि कॉलरवरून नख फिरवलं.

“फार दाबून काढली होती, बाई. रेघ पुसली गेलीय, पण खोबण राहिली.”

“नव्या कागदावर काढून देऊ?”

बाईंच्या मुलाचं स्टुडिओत सगळ्यांनाच माहीत होतं. तपासनिसाने भिंग खिशात टाकलं.

“नको. पडद्यावर नाही दिसत ते,” तो म्हणाला आणि कागदाच्या कोपऱ्यात त्याने आपली खूण केली.

पाच वाजता बाई नळावर गेल्या. त्यांनी तीनदा साबण लावला. पाणी आधी काळं गेलं, मग करडं, मग स्वच्छ. नखांच्या कडा त्यांनी ब्रशने घासल्या. एरवी त्या एवढे हात धुवत नसत, कारण सकाळी पुन्हा तेच. टॉवेलने बोटं एकेक करून कोरडी केली आणि फाटकाजवळच्या बाकावर सुनेच्या पेनाने सही केली. कागदावर डाग पडला नाही.

शाई वाळेपर्यंत दोघी तशाच उभ्या राहिल्या.

“हात किती गार पडलेत तुमचे,” सून म्हणाली. मग, “आई, जेवायला येऊ ना आज?”

“ये की. येताना पाव आण. पळ आता, खिडकी बंद होईल.”

सून पळाली. बाई आवरायला आत आल्या, तर टेबलावर पुढच्या दृश्याचं पाकीट येऊन पडलं होतं. त्यात एकच कागद होता. त्यांनी तो काचेवर ठेवून दिवा लावला. जहाज निघून गेल्यानंतरचा बंदरातला धक्का होता. खांब, दोर बांधायचे खुंट, फरशी. कोपऱ्यात लिहिलं होतं: चार सेकंद, एकच चित्र. हलणारं त्यात काही नव्हतं. पाकीट चुकून त्यांच्याकडे आलं होतं.

त्यांनी दिवा बंद केला, कागद कडांना धरून पाकिटात सरकवला आणि रंगवालीच्या टेबलावर ठेवला.