भेटींची वही

मेट्रनबाईंच्या वहीत नाव नसेल तर त्या चर्चच्या मंडळीत कुणी कुणाच्या घरी फिरकत नसे, आणि नाव असलं तर न जाण्याची कुणाची बिशाद नव्हती. दवाखान्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी बाईंचा खाक्या मेट्रनचाच. रविवारची उपासना संपली की चर्चच्या दाराशी टेबल टाकून त्या वही उघडून बसत. डाव्या पानावर आजारी, एकटे, दुःखात असलेले. उजव्या पानावर त्यांच्याकडे कुणी जायचं ते.

"तुम्ही सुताराच्या आईकडे. अर्धा तास. जाताना फळं न्या, उपदेश नको," असं त्या सांगायच्या, आणि समोरचा माणूस मुकाट्यानं मान डोलवायचा. चर्चचे धर्मगुरू, खुद्द पाळकसाहेबसुद्धा त्यातून सुटले नव्हते.

हसण्यासारखं काही नाही हं यात. त्या वहीच्या जोरावर किती घरं उभी राहिली, ते प्रभूलाच ठाऊक. बाळंतिणीपासून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यापर्यंत कुणी म्हणून उपेक्षित राहिलं नाही. बाईंचं प्रेम खरंच होतं, फक्त ते इंजेक्शनसारखं द्यायची त्यांना सवय होती.

आठ महिन्यांपूर्वी बाईंचे यजमान गेले. घड्याळं दुरुस्त करायचे ते. कमी बोलणारा, गालातल्या गालात हसणारा माणूस. पहिले पंधरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मग रविवार आला. पाळकसाहेबांच्या पत्नीनं वहीत डाव्या पानावर बाईंचं नाव लिहून ठेवलं होतं. बाईंनी ते पाहिलं, पेन उचललं आणि सगळ्यांदेखत आडवी रेघ मारली.

"मला काय धाड भरलीय? चांगली धडधाकट आहे मी. ज्यांना खरी गरज आहे त्यांच्याकडे जा."

आता इतकी वर्षं ज्यांचा शब्द खाली पडू दिला नाही, त्यांचा हा शब्द तरी लोक कसा पडू देणार? ऐकलं सगळ्यांनी. दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या घरी चिटपाखरू फिरकलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दिवस कसाही जायचा. संध्याकाळी सहा वाजले की मात्र बाईंचा जीव कानात यायचा. ती यजमानांची दुकानातून परतायची वेळ. जिन्यावर पाऊल वाजलं की बाई उठून उभ्या राहायच्या, पाऊल वरच्या मजल्यावर निघून गेलं की परत बसायच्या. कुणीतरी यावं. कुणीही. चहा घ्यावा, पाय पसरून बसावं, त्यांच्याबद्दल काहीतरी बोलावं. यजमानांचं नाव दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकायला त्या अक्षरशः आसुसल्या होत्या. आपलं नाव वहीत नाही, आणि वही आपल्याच हातात आहे, हेही त्यांना कळत होतं.

मग त्यांनी आडवळणं करून पाहिली. चर्चमध्ये दोनदा मोठ्यानं खोकल्या. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी खोकल्याची गोळी दिली आणि पुन्हा समोर बघू लागल्या. "आजकाल संध्याकाळ फार लांबते नाही?" असं त्या शिंप्याला म्हणाल्या, तर तो म्हणाला, "हो ना, उजेडात काम उरकतं, बरं पडतं." बाईंना त्याची मुंडी मुरगळावीशी वाटली. एकदा तर बेल वाजली, धावत जाऊन दार उघडलं, तर पोस्टमन. त्याला त्यांनी इतक्या आग्रहानं आत बोलावलं, की बिचारा सहीसुद्धा न घेता पळाला.

शेवटी राग आला. चांगलाच आला. "एवढ्या लोकांना एवढी माणसं वाटली, आणि माझ्या वाट्याला एक नाही! प्रभो, तुझंही लक्ष नाही की काय?" असं त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं.

त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्यावर उपदेश केला. म्हणाले, "वाकून दुसऱ्याचे पाय धुणं त्यामानानं सोपं असतं. आपला धुळीनं भरलेला पाय पुढं करणं अवघड. त्या खोलीतही एक शिष्य, माझे पाय धुवायचे नाहीत म्हणून हटून बसलाच होता." बाईंनी मान खाली घातली. हे आपल्यालाच उद्देशून आहे असं त्यांना वाटलं. तसं नव्हतं, पाळकसाहेबांची तेवढी छाती नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी वही उघडली आणि डाव्या पानावर स्वतःचं नाव लिहिलं. मग उजव्या पानाशी अडल्या. कुणाला पाठवायचं? सांगितलं तर कुणीही येईल. अर्धा तास बसेल, फळं आणेल, उपदेश करणार नाही. घड्याळाकडे बघत बघत उठेल. तेच तर त्यांनी सगळ्यांना शिकवलं होतं!

मग त्यांना इस्त्रीवाली आठवली.

कोपऱ्यावर तिचं इस्त्रीचं दुकान. तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. तीन वर्षांपूर्वी बाईंनी तिला एका आजाऱ्याकडे पाठवलं, तर ती दोन तास स्वतःचीच रडकथा सांगत बसली. तक्रार आली. बाई तिला टेबलापाशी भर गर्दीत म्हणाल्या, "तुला पाठवलं तर माणूस आजारानं नाही, तुझ्या बडबडीनं जाईल." सगळे खो खो हसले. तिचं नाव उजव्या पानावर पुन्हा आलं नाही. ती चर्चला यायची, अगदी शेवटच्या बाकावर बसायची, आणि उपासना संपल्यावर थोडा वेळ टेबलाच्या आसपास घुटमळून निघून जायची.

सगळे तिला हसले, त्या संध्याकाळी यजमान बाईंना म्हणाले होते, "तिच्याकडं बोलायला माणूस नाही गं, म्हणून बोलते ती." बाईंनी ते कानाआड केलं होतं. आज त्या वाक्यानं त्यांना घेरलं.

पुढच्या रविवारी सूचनांच्या वेळी मेट्रनबाई उभ्या राहिल्या. सगळ्यांनी कान टवकारले. बाईंनी वही उघडली, पण वाचली नाही.

"या आठवड्यात डाव्या पानावर माझं नाव आहे," त्या म्हणाल्या. "मला घर खायला उठतं. आठ महिने झाले. मीच नको म्हणाले होते, ती माझी घमेंड होती." त्यांनी वही मिटली. "आणि तीन वर्षांपूर्वी मी एका बाईचा सगळ्यांसमोर अपमान केला, म्हणून सगळ्यांसमोरच माफी मागते." त्या शेवटच्या बाकाकडे वळल्या. "तू येशील का माझ्याकडे?"

इस्त्रीवाली उठून उभी राहिली.

"बाई, मी चार वेळा आले होते," ती म्हणाली. "जिना चढून दारापर्यंत. पण वहीत माझं नाव नव्हतं. बेल वाजवायचा धीर झाला नाही."

"चार वेळा?"

"काकांचे दोन शर्ट आहेत ना माझ्याकडे. जायच्या आदल्या दिवशी टाकून गेले होते. एक निळा, एक बारीक रेघांचा." ती पदराशी चाळा करत होती. "तेव्हाच इस्त्री करून ठेवले. पण घडी मोडते हो, पडून राहिलं की. म्हणून दर महिन्याला नवी इस्त्री करते. म्हटलं, बाई कधी मागतील, तेव्हा चुरगळलेले कसे द्यायचे?"

मेट्रनबाई बाकांमधून चालत तिच्यापाशी गेल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना त्यांनी डोळे पुसायला सांगितलं होतं. स्वतःचे पुसायचं त्यांना भान राहिलं नाही. निळा शर्ट कपाटात नाही, हे त्यांना माहीत होतं. आठ महिने त्या तो शोधत होत्या.

"संध्याकाळी घेऊन येऊ?" इस्त्रीवालीनं विचारलं.

"ये," बाई म्हणाल्या. "सहा वाजता ये. आणि लगेच उठू नकोस."